कागद द्यायची पाळी आपली

(चंद्रपुरात तरुणांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन. वक्ते सॉफ्टवेअर अभियंता आहेत आणि कुटुंबाचा झाडतोड व जागा-सफाईचा व्यवसायही सांभाळतात.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, आयटीत नोकरी कशी मिळवायची. ते मी तुम्हाला चहाच्या वेळी सांगतो, त्याला दहा मिनिटं पुरतात. इथून मला माझ्या दुसऱ्या धंद्याबद्दल बोलू द्या. कारण कॉलेजमध्ये जे शिकलो नाही आणि पुण्याच्या कंपनीत आठ वर्षांत जे कळलं नाही, ते मला या धंद्यात कळलं. आणि ते कळायला एक माणूस झाडावरून पडावा लागला.

आमचा धंदा काय, ते आधी सांगतो. अब्बा गेली तीस-बत्तीस वर्षं झाडं तोडायची, फांद्या छाटायची आणि जागा साफ करून द्यायची कामं घेतात. घरावर झुकलेलं कडुनिंबाचं झाड, शाळेच्या आवारातली वाळलेली फांदी, विजेच्या तारांना लागलेला सुबाभूळ, बांधकामाआधी प्लॉटवरची झुडपं, वादळानं रस्त्यावर आडवा पडलेला शिरीष. एक मुकादम, आठ-दहा माणसं, दोन चेनसॉ, कुऱ्हाडी, दोर, एक जुना टेम्पो. जेसीबी लागला तर भाड्यानं. मार्च ते जून मरणाचं काम, पावसाळ्यात वादळ येईल तसं, दिवाळीनंतर प्लॉट-सफाई. आपल्यातल्या कितीतरी घरांचा लाकडाशी असाच संबंध आहे. कुणाची आरा मशीन, कुणाचं फर्निचरचं दुकान, कुणाचा जळाऊ लाकडाचा टाल. या खोलीत हात वर करायला सांगितलं तर निम्मे हात वर येतील.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी अब्बांचा हिशेब. हिशेब म्हणजे एक लाल वही. त्यात कुणाला किती उचल दिली ते लिहिलेलं, बाकी सगळं अब्बांच्या डोक्यात. काम फोनवर मिळायचं, भाव तोंडी ठरायचा, माणसं सकाळी नाक्यावरून यायची, पैसे संध्याकाळी हातात. अब्बांचं म्हणणं एकच, जबान दिली म्हणजे दिली. आणि खरं सांगतो, त्यांनी ती कधी मोडली नाही. कुणाची एक दिवसाची मजुरी बुडवली नाही. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. म्हणून पुढची गोष्ट जास्त लागते.

मे २०२२

फेब्रुवारी २०२२ तुम्हाला आठवत असेल. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात लागोपाठ वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत एक कामगार आणि एक मुलगा गेला. शहरभर भीती पसरली. वसाहतींच्या आजूबाजूला माजलेली झुडपं, वेडी बाभूळ, सुबाभूळ काढा, अशी मागणी सुरू झाली. झुडूप म्हणजे लपायला जागा. आमचा फोन दिवसभर वाजायचा. अब्बांनी आयुष्यात घेतली नव्हती एवढी कामं त्या उन्हाळ्यात घेतली. नवी माणसं घेतली, शिकवायला वेळ नव्हता. एकेका दिवशी दोन ठिकाणी काम.

मे महिन्यात एका आवारात मोठ्या झाडाची फांदी उतरवायची होती. काम फोनवर मिळालं होतं. वर्क ऑर्डर नव्हती. जो माणूस वर चढला तो आमच्याकडे बारा वर्षं होता. मी त्याला मामा म्हणायचो, अजून म्हणतो. सावलीजवळच्या गावचा. जाड फांदी कापताना आधी खालून खाच घ्यायची, मग थोडं पुढून वरून कापायचं, आणि शेवटी उरलेला ठूठ बुंध्याजवळ नीट काढायचा. तीन काप. घाईत त्यानं वरूनच एक काप घेतला. फांदी तुटता तुटता साल सोलत खाली आली, झोका घेऊन फिरली आणि त्याच्या कमरेवर बसली. तो अठरा-वीस फुटांवरून पडला. कमरेचं हाड मोडलं, पायाला जबर मार लागला.

आमच्याकडे दोर होता. चांगला, जाड, नवा. पण तो फांदी बांधायला. माणूस बांधायला दोर नव्हता.

अब्बा स्वतः त्याला घेऊन दवाखान्यात गेले, नंतर नागपूरला. ऑपरेशनचा खर्च त्यांनी केला. ज्यांच्या आवारात काम होतं त्यांनी हात वर केले. त्यांच्या दप्तरात आमचं नाव नव्हतं, मग मामाचं कुठून असणार? दीड महिना गेला. मामा खाटेवर, घरात दोन मुली शिकणाऱ्या. एक दिवस मामी आमच्या घरी आल्या. अम्मीनं चहा ठेवला. मामी मला म्हणाल्या, "भाऊ, वकीलबाई म्हणते का ते कामावर होते याचा कागद लागते. तुमी लिहून द्या ना जी, का ते तुमच्या कामावर होते."

मी काय केलं असेल?

मी म्हटलं, बघतो. अकरा दिवस बघतो म्हणत राहिलो. कारण मी शिकलेला होतो. मी इंटरनेटवर वाचलं होतं की काम करताना कामगाराला इजा झाली तर नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकाची असते, मालक चार माणसांचा असला तरी. १९२३ पासून हा कायदा आहे, आता तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तो कागद दिला तर तो आमच्याच विरुद्ध पुरावा होणार होता. हजेरी नाही, विमा नाही, पट्टा नाही. मी हिशेब करत होतो. आणि मनात स्वतःला सांगत होतो, आपण दवाखान्याचे पैसे दिले ना, आणखी काय करायचं?

बाराव्या दिवशी अब्बांना कळलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "सच है ना? तो लिख दे." मी लिहिलं, त्यांनी सही केली. वकिलांनी बसून रक्कम ठरवली. अब्बांनी निवृत्तीसाठी ठेवलेला एक प्लॉट विकला आणि पैसे दिले.

मित्रांनो, मी हे स्टेजवरून सांगतो आहे, कारण ते अकरा दिवस माझे आहेत. अब्बांचे नाहीत. अब्बा शाळेत सातवीपर्यंत गेले. इंजिनिअर मी होतो.

जबान कुणाकुणात चालते

त्यानंतर मी खूप विचार केला. जबान मोठी गोष्ट आहे, पण ती बरोबरीच्या दोघांत चालते. दोन व्यापारी असतील, एकानं शब्द फिरवला तर दुसरा बाजारात त्याचं नाव खराब करू शकतो. पण नाक्यावरून आलेला माणूस काय करणार? त्याच्याकडे तुमची जबान असते आणि तुमची मर्जी असते. मर्जी चांगली असली तर ठीक. नसली तर त्याच्या हातात काही नाही. अब्बांची मर्जी चांगली होती, माझी अकरा दिवस नव्हती. मधल्या फरकाचं ओझं कुणावर पडलं? खाटेवरच्या माणसावर.

आपल्या पिढीला 'कागद' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. का येतो, ते या खोलीत समजावून सांगायची गरज नाही. आजोबांच्या जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईच्या नावातलं एक अक्षर. २०१९-२० मध्ये आपल्या प्रत्येक घरात ट्रंका उघडल्या गेल्या. आपल्याकडे कुणी कागद मागितला की आपल्याला वाटतं, आपल्यावर संशय घेतला जातोय. ते दुःख खरं आहे. पण मी तुम्हाला दुसऱ्या बाजूनं विचारतो. आपल्या दुकानात, आपल्या वर्कशॉपमध्ये, आपल्या ठेक्यावर जो माणूस कामाला येतो, त्याला आपण कधी कागद दिला का? जो कागद उद्या त्याच्या बायकोला लागेल? कागद नसण्याचं दुःख आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? मग आपणच तो द्यायला का विसरतो?

आणि धर्माचं म्हणाल, तर कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. याहून जास्त मी बोलत नाही, ते तुम्ही घरी उघडून वाचा.

पाच कागद

मग आम्ही धंद्याची पुन्हा मांडणी केली. मी सॉफ्टवेअरवाला, मी आधी एक अ‍ॅप बनवलं. कुणी वापरलं नाही. मुकादम म्हणाला, "भाऊ, झाडावर मोबाईल नेऊ का कुऱ्हाड?" मग पुन्हा वही आली, पण छापील रकान्यांची. आज कामाला हात लावण्याआधी आम्ही पाच कागद पाहतो. तुम्ही हा धंदा करा किंवा करू नका, तुमच्या घरासमोरचं झाड तोडायची वेळ येईल तेव्हा हे कामाला येईल.

पहिला, जमिनीचा. सातबारा. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे 'झुडपी जंगल' नावाची एक चीज आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदीत खुरटी झुडपं असलेल्या जमिनींना हे नाव आहे. पाहायला ओसाड दिसते. चार बोरी, थोडी बाभूळ, बकऱ्या चरतायत. प्लॉटवाला येतो आणि म्हणतो, जेसीबी लावा, एका दिवसाचं काम. पण २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगल ही वनजमीनच धरायची. त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्यानं जी जमीन दिली असेल तिच्यासाठी सरकारनं केंद्राची मान्यता घ्यायची, असा एकवेळचा मार्ग ठेवला. बाकी हात लावायचा नाही. गेल्या वर्षी एकानं आम्हाला असं काम आणलं, भाव दुप्पट. सातबारा मागितला तर म्हणाला, नंतर देतो. आम्ही सोडलं. दुसऱ्यानं केलं. आमचं नुकसान झालं, हेही सांगतो.

दुसरा, झाडाचा. शहरात १९७५ चा कायदा आहे. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेचं वृक्ष प्राधिकरण असतं, त्यांची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची असा हिशेब आला. खेड्यात खासगी शेतात १९६४ चा वृक्षतोड कायदा. त्यात झाडांची यादी आहे, सागवान, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, बिजा, हळदू वगैरे. झाड तुमच्या शेतात असलं, तुमच्या आजोबांनी लावलं असलं, तरी परवानगी लागते. आणि शेत आदिवासी शेतकऱ्याचं असेल तर १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदारानं बांधावर बसून सौदा करायचा नाही, विक्री सरकारी देखरेखीखाली व्हायची. हा कायदा का करावा लागला? कारण बांधावर बसून सौदे होत होते. उभं सागवान मिठा-तेलाच्या भावात जायचं.

तिसरा, लाकडाचा. परवानगी मिळाली, झाड तोडलं, म्हणजे लाकूड टेम्पोत टाकून निघालो असं नाही. वाहतूक परवाना लागतो, आपण ज्याला टीपी म्हणतो. टीपीशिवाय नाक्यावर टेम्पो अडला तर तो सोडवायला वर्ष जातं.

चौथा, मोजणीचा. इथे माझं इंजिनिअरिंग थोडं उपयोगी पडलं. गोल लाकूड मोजायची जुनी पद्धत म्हणजे घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. समजा घेर १२० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर. चौथा भाग ३० सेंटिमीटर. ०.३ गुणिले ०.३ गुणिले ३ म्हणजे ०.२७ घनमीटर. आता शाळेतल्या सूत्रानं खऱ्या गोलाचं घनफळ काढा, ०.३४ येतं. म्हणजे मोजणीत एक पंचमांशाहून जास्त लाकूड गायब! यात चोरी नाही. गोल ओंडका चौकोनी करताना साल, कडा वाया जातात, म्हणून ही पद्धत आली, आणि सगळ्यांना माहीत असेल तर तिच्यात वाईट काही नाही. पण शेतकऱ्याला माहीत नसेल तर? आम्ही आता दोन्ही आकडे लिहून देतो आणि भाव कोणत्या आकड्यावर आहे ते लिहितो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक शेतकरी माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वीस वर्षं झाली लाकूड विकून, हे कोणी सांगतलं नाही."

पाचवा, माणसाचा. हा मी शेवटी सांगतोय, पण आमच्याकडे तो पहिला आहे. हजेरीपट रोज सकाळी भरायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळपर्यंत काय होईल ते कुणाला माहीत? नाव, कामाची जागा, कोणतं काम, सही किंवा अंगठा. मजुरी खात्यात. कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आमच्या नावानं. शिवाय प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला वीस रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाख. वीस रुपये! आमच्याकडे बारा वर्षं काम केलेल्या माणसाचा एवढासा हप्ता आम्ही भरला नव्हता, कारण सुचलं नाही. हा विमा आपली कायदेशीर जबाबदारी संपवत नाही, हे लक्षात ठेवा. पण तो नसणं ही लाज आहे.

आणि कागदाबरोबर दोर. वर जाणाऱ्याला पट्टा, हेल्मेट आणि फांदीच्या दोरापासून वेगळा, स्वतःचा दोर. खाली एक माणूस फक्त बघायला, त्याच्या हातात दुसरं काम नाही. झाड पाडायचं असेल तर बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. पडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि मधे न कापलेली एक पट्टी ठेवायची. ती बिजागरीसारखं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. तारेजवळचं काम असेल तर वीज बंद केल्याचं लेखी हाती आल्याशिवाय वर कुणी जात नाही. 'लाइन बंद आहे, चढा' असा फोन चालत नाही. सकाळी ऊन पडल्यावर काम, संध्याकाळी ऊन असताना बंद, कारण आपल्या भागात झुडपात आणखीही कुणी असतं.

गडचिरोलीत आम्ही काय शिकलो

आता थोडं गडचिरोलीबद्दल. २६ ऑगस्ट १९८२ ला तो जिल्हा आपल्या चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. तिथे 'ठेकेदार' हा शब्द चांगला नाही. तेंदूपत्ता, बांबू, सागवान, तिन्हीत ठेकेदारानं काय केलं ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सरकारलाही हे जुनं माहीत होतं. १९४७ च्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढायला सुरुवात केली, ती याच ठेकेदाराला बाजूला करायला.

मग धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण टीपी वनखात्याच्या हातात. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. नीट बघा, हक्क २००९ चा, पण तो वापरता आला २०११ मध्ये, जेव्हा पावती पुस्तक हाती आलं. कागद कुणाच्या हातात आहे, यावर मालक कोण ते ठरतं.

मेंढ्याला आमचं काही काम नव्हतं. पण त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावी आम्हाला अंगणवाडीसाठी जागा साफ करायला बोलावलं. वनहक्क कायद्यात सोय आहे, शाळा, अंगणवाडी, तळं, रस्ता अशा तेरा प्रकारच्या कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. जागा अर्धा एकर, म्हणजे ०.२ हेक्टर. तितक्या जागेत मर्यादा १५ झाडांची. आम्ही मोजली, ११ भरली. अब्बा म्हणाले, झालं, कायद्यात बसतं.

ग्रामसभेनं आम्हाला बसवून घेतलं. सगळं गाव खाली बसलेलं, बायका जास्त. आमचा कागद मोठ्यानं वाचला. एकेका झाडाचं नाव विचारलं. दोन मोहाची निघाली. एक आजी उठल्या, गोंडीत बोलल्या. मुलानं मराठीत सांगितलं, या झाडाची फुलं त्या लहानपणापासून वेचतात, हे का जाईल? तासभर चर्चा. शेवटी अंगणवाडीचा नकाशा बारा पावलं सरकवला. झाडं तोडली नऊ. मोहाची दोन्ही उभी राहिली. आमचं काम कमी झालं, बिल कमी झालं. परतताना टेम्पोत अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तीस वर्षांत मला कुणी झाडाचं नाव विचारलं नव्हतं.

तिथे मला कळलं की 'कायद्यात बसतं' हा प्रश्नाचा शेवट नाही. कायदा सांगतो कमाल किती तोडता येईल. त्यातलं खरोखर किती लागतं, हे विचारायची जबाबदारी करवत धरणाऱ्याची आहे.

धंदा चालतो का?

तुम्ही विचाराल, एवढं सगळं करून पोट भरतं का? खरं उत्तर देतो. पहिल्या वर्षी आमचे भाव वाढले आणि जुनी गिऱ्हाइकं गेली. चार निविदा भरल्या, चारही हरलो. ज्यानं विमा, पट्टा, हजेरी काही धरलं नाही, त्याचा भाव आमच्यापेक्षा कमीच येणार. त्या दिवसांत माझ्या पगारातून मजुरी दिली आहे. दुसऱ्या वर्षी काही संस्थांनी विम्याची प्रत मागायला सुरुवात केली, तेव्हा ती फक्त आमच्याकडे होती. आज धंदा चालतो. फार मोठा झालेला नाही. अजूनही निविदा हरतो आणि चीडही येते.

एक व्यवहाराची गोष्ट. उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट होते. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. हे पत्रात लिहिल्यावर आमची दोन अडकलेली बिलं निघाली. म्हणजे कागद आपल्यालाही वाचवतो. फक्त आधी आपण दिलेला असला पाहिजे.

मामा आज वर चढत नाहीत. चढू शकत नाहीत, एक पाय आखूड पडतो. ते खाली उभे राहतात. फक्त बघायचं काम मी मघाशी सांगितलं ना, ते त्यांचं. त्यांनी शिट्टी वाजवली की वरचा माणूस थांबतो, मालक मी असलो तरी मला विचारत नाही. सकाळी हजेरीपट तेच उघडतात. पहिली सही स्वतःची करतात. मला त्यांनी माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही. त्यांची मोठी मुलगी नर्सिंगला आहे.

तुम्ही इथून घरी जाल. तुमच्यातल्या कुणाचे वडील बांधकामाचे ठेकेदार असतील, कुणाचं गॅरेज असेल, कुणाची बेकरी. एक काम करा. आज रात्री जेवताना अब्बांना विचारा, आपल्याकडे किती माणसं कामाला आहेत? त्यांची पूर्ण नावं काय? यातल्या कुणाला उद्या काही झालं, तर तो आपल्याकडे कामाला होता हे कशावरून कळेल? उत्तर नसेल तर रागावू नका, भाषण देऊ नका. एक वही आणा आणि सकाळी पहिलं नाव तुम्ही लिहा. तुम्ही शिकला आहात, तुम्हाला लिहिता येतं. माझ्यासारखे अकरा दिवस घालवू नका.